उजवीकडचं दार

२० जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र तू फाडणार नाहीस याची मला खात्री आहे. टपाल कचेरीत जन्म काढलेलं माणूस पाकिटाचा अपमान करत नाही. रागारागाने का होईना, उघडशील, आणि आधी पत्ता नीट लिहिलाय का ते बघशील.

तू सुखरूप पोहोचलीस हे भाच्याकडून कळलं. तुझा लेक गुणी आहे, दोन्हीकडे गोड बोलतो. म्हणाला, मावशी, आई बरी आहे, फक्त तुझा विषय काढायचा नाही असं तिने बजावलंय. बरं, तुम्ही नका काढू. मीच काढते.

सभेत काय झालं ते माझ्या बाजूने एकदा ऐक. दरवर्षी चर्चच्या वार्षिक सभेत मंडळीच्या सेवेसाठी डीकन निवडायची वेळ आली की तू उभी राहतेस आणि म्हणतेस, मला आता सोडा, मी दमले. मग आम्ही सगळे म्हणतो, नाही नाही, ताई, तुमच्याशिवाय कसं चालेल. तू जरा आढेवेढे घेतेस आणि पुन्हा वर्षभराची सेवा अंगावर घेतेस. हे इतकं ठरून गेलेलं की त्यापाठोपाठ चहा यायचा. पण यंदा पाळकसाहेब नवे. त्या पोराला आपली ही रीत कोण सांगणार? तू मला सोडा म्हणालीस, आणि तो भला माणूस म्हणाला, ठीक आहे, मंडळी तुमची ऋणी आहे. वर टाळ्या वाजवल्या. पाळकाने टाळ्या वाजवल्यावर बाकीचे काय हात बांधून बसणार?

आणि मी होते स्वयंपाकघरात, उतू जाणाऱ्या चहापाशी. दरवर्षी त्या नाही नाहीची सुरुवात मी करायचे, हे मला तेव्हा कळलं. टाळ्या ऐकून ट्रे घेऊन बाहेर आले, तर पाळकसाहेब विचारत होते, मग ताईंच्या जागी कोण? माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, या आहेत की. मला वाटलं थट्टा चाललीय, म्हणून हसले. त्या हसण्याला होकार समजले. मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा तू पर्सची चेन लावत होतीस.

आता तूच सांग, मी तुझी जागा बळकावली? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात बडबडले मी, पण चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली की माझी दातखीळ बसते. तुला हे माहीत आहे. तरी तू बॅग भरलीस, आणि आपण दोघींनी मिळून घेतलेल्या घरात मी आता एकटीसाठी कुकर लावते.

दोन गोष्टी मात्र कळव. प्रभुभोजनाचे छोटे पेले ठेवतो त्या कपाटाची किल्ली तुझ्याबरोबर गेली आहे का? आणि तुझ्या वाट्याचे ते ऑर्गनवाले आजोबा, जे घराबाहेर पडत नाहीत, ते नेमके राहतात कुठे?

तुझी धाकटी

३ मार्च

ताई,

उत्तर आलं नाही. मीही वाट बघितली नाही असं लिहिणार होते, पण रोज खाली पेटी उघडून बघते.

ऑर्गनवाल्यांचा पत्ता शेवटी शिंप्याने दिला. तो आमच्यातला सगळ्यात जुना डीकन, पण तुझ्या वाट्याच्या घरी तो कधी गेलेला नाही. आपल्यात तेही ठरलेलंच, ज्याची घरं त्याने बघायची, दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. पिवळी इमारत, दुसरा मजला, जिना संपला की दार, एवढंच त्याला ठाऊक होतं. मी इथे राहायला आले त्याआधीच आजोबांचं देवळात येणं थांबलेलं, त्यामुळे मी त्यांना बघितलेलंही नव्हतं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर प्रभुभोजनाची भाकर, पेला आणि डब्यात गरम सूप घेऊन गेले. जिना संपल्यावर दोन दारं होती. एक घट्ट बंद, एक किलकिलं. मी किलकिलं वाजवलं.

माणूस मात्र देखणा हं. उंच, आणि मिशी म्हणजे काय, पांढरीशुभ्र, झुपकेदार. खोली नीटनेटकी, भिंतीवर खिळ्यांना किल्ल्याच किल्ल्या टांगलेल्या. म्हाताऱ्या माणसांना काय काय जमवायचा नाद असतो, म्हणून विचारलं नाही. हाताच्या बोटांना हे एवढाले घट्टे. इतकी वर्षं ऑर्गनच्या पट्ट्या दाबून दुसरं काय होणार? मी म्हटलं, आजोबा, मी ताईंच्या जागी आले आहे, आता मीच येत जाईन. ते काहीतरी सांगायला लागले होते, पण मी थांबले असते तर माझं धैर्य गेलं असतं, म्हणून मी घाईने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

सुरू केली म्हणजे, हे प्रभू म्हणाले. पुढे शब्दच फुटेना. मिटल्या डोळ्यांपुढे तुझी बॅग आली आणि मला रडू कोसळलं. परक्याच्या घरात, सुपाचा डबा मांडीवर घेऊन हुंदके देत बसले. आजोबांनी पाणी आणून दिलं. मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं, सभा, चहा, टाळ्या. त्यांनी एका शब्दाने मला अडवलं नाही. निघताना म्हणाले, हे इथेच ठेवून जा, सावकाश घेऊ. मी ठेवलं आणि आले.

मी बाहेरच्यांना आपल्या घरचं सांगितलं म्हणून तू चिडशील. चीड. पण कळव.

तुझी धाकटी

९ मे

ताई,

तुझ्या मंडळीत मी दोन महिन्यांत इतकी भांडणं केली आहेत की मला बदनाम करायला तुला तिथून काही करायची गरज नाही.

आम्ही डीकनांनी पुलाखालच्या वस्तीसाठी कपडे गोळा केले. नर्सबाई, शिंपी आणि मी गाठोडी सोडायला बसलो. बटणं नसलेले सदरे, ढोपरावर फाटलेल्या पँटी, एक तर अर्धा स्वेटर. माझं डोकंच फिरलं. फाटके तेवढे वेगळे काढले, धुतले, इस्त्री केली आणि ज्याचे त्याला घरी नेऊन परत दिले. म्हटलं, हे चुकून आलेलं दिसतंय. पुढच्या रविवारी अर्धी मंडळी माझ्याशी बोलत नव्हती. पण त्याच्या पुढच्या रविवारी नवी गाठोडी आली, आणि त्यातला एक कोट बघून शिंपी म्हणाला, हा तर मीच न्यावा म्हणतो. नेऊ दिला नाही.

कपाटाची किल्ली तू पाठवली नाहीस. दोन महिने आम्ही पेले शेजारच्या शाळेतून मागून आणले. शेवटी मी ऑर्गनवाल्यांपाशी रडगाणं गायले, तर म्हणाले, कुलूपच काढून आणा. नेलं. त्यांनी ते कानाशी धरलं, आत तार फिरवली, कानस घेतली आणि माझा चहा संपायच्या आत किल्ली तयार. मी थक्क झाले. ऑर्गन वाजवणारा माणूस, आणि लोखंडावर असा हात! मी म्हटलं, आजोबा, तुम्ही आमच्या ऑर्गनलाही एकदा हात लावा. ते नुसते मिशीत हसले.

प्रार्थना अजून जमत नाही. त्यांच्यापुढे डोळे मिटून नुसती बसते, तेही बसतात. मग मी तुझ्याबद्दल बोलते. महिन्यातून एकदा जायचं असतं, मी दर आठवड्याला जाते. सूपही आता मोठ्या डब्यात नेते, कारण डबा परत येतो तो अगदी लख्ख घासलेला. एकट्या माणसाला एवढी भूक लागते हे बघून बरं वाटतं.

भाचा म्हणतो, तू माझी पत्रं वाचतेस, पण वाचून झाल्यावर जोरात घडी घालतेस. जोरात घाल, पण वाचत राहा.

तुझी धाकटी

२ जुलै

ताई, ताई, ताई,

तुझं कार्ड आलं. पेटीत तुझं अक्षर दिसलं आणि मी जिन्यातच बसले. सहा महिन्यांनी तीन वाक्यं, आणि ती अशी: "ऑर्गनवाल्यांना मिशी कधीच नव्हती. ते उजवीकडच्या दारात राहतात. आणि भाकर ठेवून यायची नसते, समोर घ्यायची असते."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तू लिहिलंस. तुझा राग माझ्या चुकीपेक्षा लहान निघाला. चुकीची गोष्ट चुकीची राहू देणं तुला कधी जमलं आहे? मग दुसऱ्यांदा वाचलं. म्हणजे फेब्रुवारीपासून त्या बंद दारामागे एक आजारी म्हातारा माणूस आहे, आणि त्याच्याकडे मंडळीतलं एक माणूस फिरकलेलं नाही. मी दर आठवड्याला त्याच्या दाराला पाठ करून गप्पा मारत होते.

कशी पोहोचले ते आठवत नाही. उजवं दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं. मनात नको नको ते आलं, ताई. तेवढ्यात डावं दार उघडलं आणि माझे मिशीवाले आजोबा बाहेर आले. माझ्या हातातलं कार्ड त्यांनी बघितलं असावं, किंवा माझा चेहरा. म्हणाले, "कळलं वाटतं." आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी उजवं दार उघडलं.

आत खिडकीपाशी पलंगावर एक बारकेसे, गुळगुळीत दाढी केलेले गृहस्थ उशीला टेकून बसलेले. आमच्याकडे बघून म्हणाले, आज रविवार नसताना कसे? आणि या कोण? मी म्हटलं, मी डीकन. ते म्हणाले, "डीकन तर हे आहेत," आणि मिशीवाल्यांकडे बोट दाखवलं.

मला खुर्चीत बसवून मग दोघांनी सगळं सांगितलं. मिशीवाले किल्लीवाले आहेत. चौकात त्यांची किल्ल्या बनवायची टपरी होती. तुझं येणं थांबल्यावर आणि माझं त्यांच्याकडे सुरू झाल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं की हे शेजारी जायचं ते आपल्याकडे आलं. म्हणून मी गेल्यावर सगळं झाकून पलीकडे नेलं. भाकर, पेला, सूप. तुमच्या मंडळीने दिलंय म्हणाले आणि ठेवलं. ऑर्गनवाल्यांना वाटलं, यंदा या माणसाला डीकन केलेलं दिसतंय. मला ते म्हणाले, "बोलतो कमी, पण वेळेवर येतो. प्रार्थना येत नाही त्याला, पण भांडी घासून ठेवतो. आधीच्या डीकनबाई भांड्यांना हात लावत नव्हत्या." हे तुझ्याबद्दल होतं. मी तुझी बाजू घेतली नाही.

मी किल्लीवाल्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगणारच होतो, तर तुम्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा तुम्ही रडत होता. रडणाऱ्या बाईला काय सांगू, की तुमचं दार चुकलं?"

भाकर त्यांनी कधी तोंडात घातली नाही. तुमच्यात ती पवित्र असते ना, म्हणाले, म्हणून ताटलीवर झाकून न्यायचो. सूप मात्र दोघं मिळून पीत. त्यात मीठ कमी असतं असं दोघांचंही म्हणणं आहे.

ताई, कुणी उपाशी राहिलं नाही. कुणी एकटं पडलं नाही. मी चुकीच्या दारात बसले होते आणि तरी सगळं बरोबर दारात पोहोचत होतं. घरी येताना मी रस्त्यात वेड्यासारखी हसत होते. आणि त्या दोघांपुढे, निघताना, मला प्रार्थना करता आली. फार नाही, चार वाक्यं. पण मोठ्याने.

तुझी धाकटी

१८ ऑक्टोबर

ताई,

तुझी कार्डं नियमाने येताहेत. पेले आधी गार पाण्यातून काढायचे, मग गरम. शिंप्याला दाराशी उभं करू नकोस, तो लोकांच्या कपड्यांकडे बघतो. नर्सबाईंना रविवारी थकवू नकोस. सुपात मीठ घाल. सगळं करते आहे. सभेबद्दल मात्र तू एक अक्षर लिहीत नाहीस.

किल्लीवाल्यांचं प्रकरण मी डीकनांच्या बैठकीत आपणहून सांगितलं. शिंप्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. जो आपल्या मंडळीचाच नाही त्याने भाकर नेली, हे कुठल्या शिस्तीत बसतं, म्हणाला. नर्सबाई म्हणाल्या, आपल्यापैकी कुणी नेली होती का? मग सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. ते एवढंच म्हणाले, मला तिथे घेऊन चला. मी नेलं. दोन्ही दारं उघडी ठेवून ते दारांमधल्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसले. ऑर्गनवाल्यांना भाकर दिली, किल्लीवाल्यांना सूप. खाली उतरताना म्हणाले, यापुढे भाकर आपण द्यायची, पण त्यांचं जाणं थांबवायचं नाही. ते पोर वाटतं तितकं कच्चं नाही. त्या टाळ्या मात्र मी त्याला अजून माफ केलेल्या नाहीत.

आता खरं काम. जानेवारीत सभा आहे. मी उभी राहणार आणि सांगणार की ही जागा ताईची आहे, ती गैरसमजाने गेली, ती तिला परत द्या. एवढं बोलायला मला आता जमेल. तू फक्त ये. तुला त्या खुर्चीत बघितल्याशिवाय मला हे घर घर वाटणार नाही.

तुझी धाकटी

५ नोव्हेंबर

ताई,

"येणार नाही. तुझं तू बघ." हे कार्ड मिळालं. बरं. तरी मी उभी राहणारच.

तुझी धाकटी

४ फेब्रुवारी

ताई,

तू काल गेलीस. तिथे जाऊन सुनेला सगळं तू तुझ्या पद्धतीने सांगशील, म्हणून माझ्या पद्धतीने लिहून ठेवते आहे. हे पत्र तिलाही वाचायला दे.

सभेत चहा मी नर्सबाईंवर सोपवला होता. यंदा स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचं नाही असं ठरवून पहिल्या बाकावर बसले. वेळ आली तशी उभी राहिले आणि म्हणाले, मला सोडा, ही जागा ताईची आहे. आवाज लटपटला नाही. पाळकसाहेबांना गेल्या वर्षाची आच लागलेली, त्यामुळे त्यांनी ठीक आहे म्हटलं नाही. ते बिचारे एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागले, कुणीतरी नाही नाही म्हणेल म्हणून. पण ती सुरुवात करणारी मीच, आणि मी तर उभी. सगळे गप्प.

तेव्हा मागच्या दारातून आवाज आला, "नाही नाही."

मला वळायचीही गरज नव्हती. तरी वळले. तू बॅग घेऊन उभी होतीस, प्रवासाने केस विस्कटलेले, आणि भर सभेत म्हणालीस, "तिलाच ठेवा. आत्ता कुठे तिला दारं कळायला लागली आहेत." किती हसले सगळे. मी तेवढी रडले. तुला वाटलं मी अपमानाने रडते आहे, आणि तू बाकाजवळ येऊन खांद्यावर हात ठेवलास. आनंदाने रडत होते गं.

दुपारी पिवळ्या इमारतीत गेलो. पहिल्या मजल्यावर तू कठड्याला धरून थांबलीस. श्वास लागला होता. मी काही बोलणार तेवढ्यात तू म्हणालीस, "मी खरंच दमले होते. तीन-चार वर्षं झाली. जिने चढवत नव्हते. पण तुम्ही सगळे नाही नाही म्हणायचा ना, ते ऐकायला मी उभी राहायचे. ते ऐकलं की वर्षभर पुरायचं."

वर्षभर मी तुला तुझी जागा परत करायला धडपडत होते, आणि तुला जागा नकोच होती. तुला तेवढे दोन शब्द हवे होते. मी तिथेच, जिन्यात, म्हटलं, नाही नाही, ताई, तुमच्याशिवाय कसं चालेल. वर्षभर उशिरा, पण अगदी पूर्वीच्या सुरात. तू म्हणालीस, आता काय उपयोग. पण माझा हात धरलास, आणि उरलेला जिना तसाच चढलीस.

वर पोहोचल्यावर मी उजवीकडे वळले. तू वळली नाहीस. डाव्या दारासमोर उभी राहिलीस, पदर... नाही, ओढणी नीट केलीस आणि दार वाजवलंस. किल्लीवाल्यांनी उघडलं. तू म्हणालीस, मी आधीची डीकन. इतकी वर्षं तुमच्या दारावरून गेले, एकदाही वाजवलं नाही.

ते म्हणाले, "पावलं ऐकू यायची. मला दर वेळी वाटायचं, आज इकडे वळतील."

तू पर्स उघडलीस आणि कपाटाची ती जुनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवलीस. वर्षभर पर्समध्येच होती, लबाड. त्यांनी त्यांची नवी किल्ली माझ्याकडून मागून घेतली, दोन्ही उजेडात शेजारी शेजारी धरल्या आणि म्हणाले, दोन्हींनी उघडेल, फक्त ही जुनी फार झिजली आहे, तिला आता जपून वापरा. मग आपण चौघं ऑर्गनवाल्यांच्या खोलीत सूप प्यायलो. ऑर्गनवाल्यांनी तुला सरळ विचारलं, बाई, भांडी घासणार का आज? आणि तू घासलीस. मी डोळ्यांनी बघितलं आहे, तिथे कबूल करणार नसशील तरी.

आता आपल्या घरच्या गोष्टी. तू जाताना म्हणालीस, लेकाकडची कामं आवरून उन्हाळ्याच्या आधी येते, बघू. घरात घालायच्या तुझ्या सपाता पलंगाखाली ठेवून गेली आहेस. विसरली नाहीस, मला माहीत आहे. मी तिथून हलवलेल्या नाहीत, झाडतानाही भोवतीने झाडते. श्वासाचं औषध वेळेवर घे. जिना चढताना बोलू नकोस.

आणि गाडीत बसताना काय म्हणालीस ते आठवतंय ना? पत्रं पुरे, फोन करत जा. वर्षभर लिहून बोटाला घट्टा पडला आहे, ऑर्गनवाल्यांना नसतो तसला. म्हणून हे शेवटचं. रविवारी उपासनेनंतर पिवळ्या इमारतीतून फोन करेन, दोन्ही दारं उघडी असतील, दोघांनाही तुझ्याशी बोलायचं आहे. मी जोडून देईन.

तू फक्त उचल.

तुझी धाकटी